चिखलदऱ्याची चढण

आपल्याकडे इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे ह्यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. किल्ल्याचे बुरूज आपण मोजतो, तहाची कलमे पाठ करतो. परंतु ज्या वाटेने सैन्य त्या बुरुजाशी पोहोचले आणि ज्या वाटेने तहाचे वकील आले-गेले, त्या वाटेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः वाट हाही एक दस्तऐवजच होय. ती कोणी काढली, कोणासाठी काढली, तिच्यावरून केवढे ओझे घेऊन कोण चढत असे, हे सारे तिच्या वळणांत आणि चढउतारांत नमूद झालेले असते. अडचण एवढीच की, हा दस्तऐवज दफ्तरखान्यात बसून वाचता येत नाही. तो वाचावयाचा तर त्याच्यावरून जावे लागते, आणि तेही योग्य वेगाने.

मोटारीत बसलेल्या मनुष्यास चढ कळत नाही. त्याच्या वतीने तो चढ इंजिनास कळतो. पायी जाणारास चढ कळतो खरा, परंतु मैदान, पायथा आणि डोंगर ही तिन्ही एका दिवसाच्या अनुभवात त्याच्या हाती लागत नाहीत. ह्या दोहोंच्या मध्ये सायकल आहे. तिच्यावरून जाणारा दिवसाकाठी शंभर किलोमीटरांचा मुलूख पालथा घालू शकतो, आणि तरीही रस्त्याने एका हाताने जरी मान वर केली तरी ती गोष्ट त्याच्या मांड्यांस ताबडतोब समजते. म्हणून वऱ्हाडातील एका वाटेचा इतिहास येथे सायकलस्वाराच्या मापाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे. ही वाट अकोला जिल्ह्यातील आडगावाजवळ सुरू होते. अकोट, अंजनगाव सुर्जी आणि अचलपूर ही गावे घेत सातपुड्याच्या पायथ्याने पूर्वेस जाते, आणि परतवाड्यावरून चिखलदऱ्याच्या माथ्यावर चढते. सारा पल्ला शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा आहे.

वऱ्हाडाचे जुने लोक आपल्या प्रांताचे तीन भाग करीत. उत्तरेस सातपुड्याच्या रांगांनी व्यापलेला मेळघाट, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरावरचा बालाघाट, आणि ह्या दोहोंच्या मधोमध पूर्णा नदीचे सखल खोरे, तो पयानघाट. आपल्या वाटेचा पहिला मोठा भाग ह्या पयानघाटातून जातो. येथे जमीन इतकी सपाट आहे की, सायकलस्वाराचा शत्रू चढ नसून वारा असतो. दुतर्फा पऱ्हाटीची आणि तुरीची शेते, मधूनमधून निंब आणि बाभळी, आणि डाव्या हाताला दिवसभर सोबत करणारी सातपुड्याची निळी भिंत. रस्ता डांबरी आहे म्हणून ही वाट सोपी वाटते. पण डांबराखाली जी काळी माती आहे तिचा स्वभाव जाणल्यावाचून वऱ्हाडच्या रस्त्यांचा इतिहास समजावयाचा नाही. ही माती उन्हाळ्यात हातभर रुंद भेगा पाडते आणि पावसाळ्यात चाक गिळते. खडीचे रस्ते होण्यापूर्वी आषाढापासून दसऱ्यापर्यंत गाडी येथे जवळजवळ निरुपयोगी असे.

त्यामुळे जुन्या वऱ्हाडचा व्यापार चाकावर चालत नसून बैलाच्या पाठीवर चालत असे. कापूस गोणीत भरून लमाणांचे तांडे तो गंगेकाठी मिर्झापुरापर्यंत नेत. मुंबईकडे वऱ्हाडी कापसाची पहिली मोठी रवानगी १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी ह्या पारशी पेढीने केली असे दप्तरांत नमूद आहे. तो माल पाचशे बैलांचा होता. एका बैलामागे सुमारे २४० पौंड, म्हणजे आजच्या मापाने १०९ किलो ओझे पडले. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली आणि हे तांडे पाहता पाहता इतिहासजमा झाले. परंतु पायथ्याच्या गावांना जोडणाऱ्या वाटा त्याच राहिल्या. त्या गावोगावचे पाणी आणि चारा पाहून पडलेल्या होत्या, आणि आजही रस्ता एखाद्या गावापाशी विनाकारण वाकल्यासारखा दिसला तर तेथे जुनी विहीर अथवा नाल्याचा उतार आहे काय, हे उतरून पाहावे.

आता ह्या वाटेवरच्या राजकीय इतिहासाकडे वळू. १८०३ सालच्या इंग्रज-मराठे युद्धाचा दक्षिणेतील शेवटचा महिना जवळजवळ सगळा ह्या एका पट्ट्यात घडला. २९ नोव्हेंबर रोजी आडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन ह्यांच्या फौजांनी नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. शिंद्यांचे काही घोडदळही तेथे होते. १५ डिसेंबर रोजी चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड पडला. १७ डिसेंबर रोजी गडाच्या दक्षिण पायथ्याशी देवगाव येथे भोसल्यांशी तह झाला; त्याने कटकचा प्रांत इंग्रजांकडे आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. ३० डिसेंबर रोजी सुर्जी अंजनगाव येथे शिंद्यांनी तह केला. हिंदुस्थानच्या नकाशाचे रंग ज्या घटनांनी बदलले त्या घटनांची ही स्थळे आज एका तरुण सायकलस्वाराच्या दीड दिवसाच्या टप्प्यात येतात, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकावरून कधीच ध्यानात येत नाही. पुस्तकात त्या चार तारखा असतात. रस्त्यावर त्या चार शेजारची गावे आहेत.

अंजनगावच्या आसपास शेतीचा चेहरा बदलतो. पाणी जवळ आल्याने पानमळे दिसू लागतात, पानपिंपळीचे वेल दिसतात, आणि अचलपुराकडे जाता जाता संत्र्यांच्या बागा लागतात. फ्रान्स देशातील सायकलस्वारांची वर्णने ज्यांनी वाचली असतील त्यांना तेथील द्राक्षमळ्यांची आठवण येथे व्हावी. तेथेही मैदान संपून डोंगर सुरू होण्याच्या सांध्यावर द्राक्षांची लागवड असते. कारण एकच. डोंगराचा पायथा मैदानास पाणी आणि निचरा होणारी जमीन देतो, आणि फळझाडांस ह्या दोन्ही गोष्टी हव्या असतात. वऱ्हाडात त्या जागी द्राक्षाचा वेल नसून नागवेल आणि संत्रे आहे, इतकाच काय तो भेद.

अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. बहमनी राज्य फुटल्यावर येथे इमादशाही झाली आणि १५७४ पर्यंत टिकली. शेजारचे परतवाडा ही निजामाच्या इंग्रजी अधिकाऱ्यांखालच्या फौजेची छावणी. मूर्तिजापुराहून निघणारी आणि लोकांनी प्रेमाने 'शकुंतला' म्हटलेली नॅरोगेज गाडी अचलपुरास येऊन थांबत असे. ती अलीकडे बंद पडली आहे. राजधानी, छावणी आणि रेल्वे ह्या तिघीही नेमक्या येथेच येऊन का थांबल्या, ह्याचे उत्तर मान वर केली की मिळते. उत्तरेस भिंत उभी आहे. येथपासून चिखलदऱ्यापर्यंत उंचीत सुमारे ७०० मीटरांचा फरक आहे. येथून पुढे वाटेचा प्रश्न हा अंतराचा राहत नाही, तो बळाचा होतो.

ह्या भिंतीवर पहिल्याने वाट पाडली ती गुराखी लोकांनी असावी असे गाविलगडाचे नावच सांगते. गवळ्यांचा गड तो गाविलगड. गुरांची वाट पाणी आणि गवत शोधीत सोंडेसोंडेने चढते. तिला घाई नसते. पुढे १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने येथे पक्का किल्ला बांधविला, आणि १४८८ मध्ये फत्तेउल्ला इमादुल्मुल्काने त्याची दुरुस्ती केली. अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त ह्या गडाच्या दुर्गमतेची तर प्रशंसा केली आहेच, शिवाय पोलादी शस्त्रांना पाणी देण्याजोगा झरा गडावर आहे, असेही लिहिले आहे. पुराणाभिमानी लोक आणखी मागे जातात. जवळच वैराट नावाचे उंच ठिकाण आहे, ते विराटाची नगरी. भीमाने कीचकास मारून ज्या दरीत टाकले तो कीचकदरा, आणि त्यावरून चिखलदरा. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो. ती दरी पाहिल्यावर ज्याला ती कथा सुचली त्याच्या कल्पनेस मात्र दाद द्यावीशी वाटते.

गाविलगडास वेढा घालण्यापूर्वी वेलस्लीने गडावर जाणाऱ्या वाटांचा जो विचार केला तो आमच्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. गडास तीन दरवाजे आणि तीन वाटा होत्या. दक्षिणेची वाट अतिशय उभी आणि लांब. ती केवळ माणसांच्या उपयोगाची. वायव्येची वाट गडकऱ्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याची. पण ती बराच वेळ गडाच्या माऱ्याखालून जाई. तिसरी उत्तरेची, लबाडा नावाच्या खेड्याकडून येणारी ही वाट गडाच्या सपाटीशी सारख्याच पातळीवर होती. तोफा लावावयाच्या तर उत्तरेसच लावल्या पाहिजेत हे उघड होते; परंतु सैन्य होते दक्षिणेस मैदानात, आणि उत्तरेस जाण्यासाठी मधला सगळा डोंगर ओलांडणे प्राप्त होते.

हे काम स्टीव्हन्सनकडे आले. ७ डिसेंबर रोजी तो एलिचपुराहून निघाला आणि १२ तारखेस लबाड्यास पोहोचला. खलित्यांत ह्या मार्गावरच्या एका ठिकाणाचे नाव डामेरगाव असे येते. ते वाचताच आजच्या रस्त्यावरील धामणगाव गढीची आठवण होते. अंतर सुमारे तीस मैलांचे, म्हणजे ४८ किलोमीटरांचे. परंतु बरोबर अठरा पौंडी आणि बारा पौंडी तोफा होत्या. ह्या जातीची एकेक लोखंडी तोफ टनाच्या मापाने मोजावी अशी जड असते. त्या सैन्याने दऱ्या आणि डोंगर ओलांडून हातांनी ओढून नेल्या, आणि जेथे वाट नव्हती तेथे आधी वाट फोडली. दिवसास आठ-नऊ किलोमीटर असा त्या मिरवणुकीचा वेग पडला. असे कष्टाचे काम आपण पूर्वी पाहिले नव्हते, अशा अर्थाची कबुली वेलस्लीने आपल्या खलित्यात दिली आहे. स्वतः वेलस्लीच्या तुकडीने दक्षिणेकडूनही मारा करण्याचा यत्न केला; पण तेथील चढावर जड लोखंडी तोफा चढल्याच नाहीत. १३ तारखेस तोफा सुरू झाल्या, १५ तारखेस किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि गड गेला. अर्थात गाविलगडाची लढाई तटाशी होण्यापूर्वी चढणीवर जिंकली गेली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि तोफेसाठी पाडलेली वाट ही चिरकाल टिकणारी वाट नव्हे. तिला एकदाच वर जावयाचे असते, आणि तिच्या चढणीचा हिशेब ओढणाऱ्या माणसांच्या दमावर अवलंबून नसतो. माणसे कमी पडली तर आणखी जुंपावयाची, हा तिचा नियम. ह्याच्या अगदी उलट नियमावर चिखलदऱ्याचा पुढचा रस्ता बांधला गेला.

देवगावच्या तहाने गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले भोसल्यांकडेच राहिले होते. १८२२ च्या तहाने हा डोंगरी मुलूखही निजामाकडे गेला, आणि लगेच १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचे पठार 'शोधून काढले'. ज्या जागी पिढ्यानपिढ्या गवळी आणि कोरकू राहत होते ती जागा शोधून काढणे म्हणजे काय, हे इंग्रजी ग्रंथकारांनाच ठाऊक. पण ह्यानंतर तेथे गोरे अधिकारी उन्हाळ्यासाठी जाऊ लागले हे खरे, आणि १८३९ पासून वऱ्हाडचे हवा खाण्याचे ठिकाण म्हणून त्याची ख्याती झाली. ३,६६४ फूट उंचीवर कॉफीची लागवड झाली, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकविणारे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचे नाव अजून घेतात.

ह्या नव्या पाहुण्यांबरोबर ओझी आली. माणूस घोड्यावर बसून चढेल. परंतु त्याचे पलंग, पेट्या आणि पीठ गाडीतून चढवावे लागते. म्हणून दोन वाटा झाल्या. एक घोडा, उंट आणि पुढे टांगा ह्यांची सुमारे वीस मैलांची जवळची वाट, आणि दुसरी घटांगावरून वळसा घेऊन जाणारी लांबची गाडीवाट. ह्या लांबच्या वाटेत केवढा विचार साठविलेला आहे! सातशे मीटर उंची सरळ उभ्या वाटेने गाठावयाची तर बळ फार लागते. तीच उंची वीस हात चालल्यावर एक हात चढावे अशा बेताने गाठली, तर १४ किलोमीटर लांब वाट लागते, पण बैलाच्या मानेवरचे जू पेलण्याजोगे राहते. काम तेवढेच होते. ते लांबीवर पसरलेले असते. आणि हा बेत धरताना अभियंत्यास ताफ्यातल्या सर्वांत तगड्या बैलाकडे पाहून चालत नाही. एका दुबळ्या जोडीची गाडी वळणावर अडली की मागच्या पन्नास गाड्या अडतात. म्हणून गाडीरस्त्याचा चढ नेहमी अशक्त जनावराच्या मापाने ठेवावा लागतो. सरकारने हे भूतदयेने केले असे नाही. बैलाने ते करावयास भाग पाडले.

हाच नियम लोखंडी रुळांवर अधिक कठोरपणे लागू होतो. अकोल्याहून खांडव्यास जाणारी मीटरगेज गाडी मेळघाटातून जात असे. तेथे धूळघाटापाशी रूळ डोंगराभोवती वेटोळे घेऊन स्वतःवरूनच पलीकडे जात. इंजिनास एवढ्या थोड्या अंतरात ती उंची चढवेना, म्हणून अभियंत्यांनी अंतरच वाढविले. ती गाडी आता बंद झाली आहे. पण ते वेटोळे ज्यांनी पाहिले त्यांना वाट ही चढणाऱ्याच्या शक्तीची प्रतिकृती असते, हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता सायकलीकडे येऊ. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी आजच्या घडणीची सायकल इंग्लंडात १८८५ मध्ये स्टार्ली ह्याने बाजारात आणली, आणि १८८८ मध्ये डनलॉपने तिला हवेची धाव दिली. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले, हे वाचकांस ठाऊक असेलच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे ४४,००० मैलांचा प्रवास पुरा करून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. ज्या देशात सायकल हे कारकुनाचे आणि टपालवाल्याचे वाहन समजले जात होते, तेथील तरुणांनी इराण-इराकच्या वाळवंटांतून ती हाकली, ह्याचा आपणांस अभिमान वाटावा.

परंतु घाट आणि सायकल ह्यांचा खरा संबंध जुळविला तो फ्रान्समधील सँ-एतिएन गावच्या पोल द व्हिव्ही ह्या गृहस्थाने. 'व्हेलोसिओ' ह्या टोपणनावाने तो लिहीत असे, आणि १८८७ पासून सायकलीवरचे एक नियतकालिक चालवीत असे. त्याच्या गावालगत 'रिपब्लिकची खिंड' नावाचा घाट आहे. त्याची उंची १,१६१ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या चिखलदऱ्याएवढी. आणि पलीकडे उतरले की ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील द्राक्षमळे लागतात. हा घाट वर्षानुवर्षे चढता उतरता व्हेलोसिओच्या ध्यानात आले की, रस्त्याचा चढ आपल्याला बदलता येत नाही, पण चाकाचा हिशेब बदलता येतो. पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक कमी फिरेल अशी दंतचक्रांची योजना केली, तर पायांना फेरे अधिक करावे लागतील, पण जोर कमी लागेल. ह्यालाच आपण आज गिअर म्हणतो. विचार करून पाहिल्यास ही घटांगच्या गाडीवाटेचीच युक्ती आहे. अभियंत्याने जे वळसे डोंगराच्या अंगावर घातले, तेच ह्या गृहस्थाने चाकाच्या आत घातले.

मर्दानी शर्यतींच्या पुरस्कर्त्यांना हे मानवले नाही. १९०२ मध्ये घाटांच्या एका परीक्षेत मार्त एस ह्या स्त्रीने गिअरच्या सायकलीवर बसून, एकदाही पाय जमिनीस न लावता, बिनगिअरच्या एका नामांकित स्वारास मागे टाकले. त्यावर पुढच्याच वर्षी 'तूर द फ्रान्स' सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजने असा अभिप्राय दिला की, गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्या लोकांसाठी ठीक आहेत. आमच्या वयास ही सूट लागू पडत असल्याने आम्ही ह्या अभिप्रायावर रागावत नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, त्या शर्यतीत साखळी बदलणारे गिअर १९३७ पर्यंत मना होते. १९१० मध्ये ती शर्यत पिरेनीजच्या उंच खिंडींतून प्रथमच नेली, तेव्हा विजेता ऑक्ताव्ह लापीझ काही चढ सायकल ढकलीत पायी चढला, आणि वर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने खुनी म्हटले. बलवानाच्या मापाने वाट आखली म्हणजे बलवानही कसा चिरडला जातो, ह्याचे हे उदाहरण आहे. व्हेलोसिओने मात्र चढ दुबळ्याच्या आवाक्यात आणला. त्याचे स्मारक आज त्या खिंडीत उभे आहे.

आपल्याकडची काळी, बिनगिअरची, वीस-बावीस किलोची सायकल घेऊन परतवाड्याहून निघणारा मनुष्य पायथा लागला की उतरतो आणि सायकल हाती धरून चालू लागतो. ह्यात कमीपणा काही नाही; ती सायकल मैदानाच्या मापाने केलेली आहे. अलीकडे मात्र गिअरच्या सायकली घेऊन तरुण मंडळी हा घाट चढताना दिसतात. त्यांच्यासाठी एक हिशेब मांडतो. सत्तर किलोचा मनुष्य वीस किलोच्या सायकलीसह सातशे मीटर चढतो, तेव्हा वारा आणि रस्ता ह्यांचा अडथळा सोडून निव्वळ उंची गाठण्यास त्याला सुमारे ६०० कॅलरी अन्न खर्ची घालावे लागते. कारण खाल्लेल्या अन्नापैकी चौथ्या हिश्श्याएवढेच काम स्नायू करू शकतात. ज्वारीच्या तीन-चार भाकरी झाल्या. गाविलगडाची उंची तीन-चार भाकरींची आहे, हे ज्याला स्वतःच्या अंगमेहनतीने कळले, तो स्टीव्हन्सनच्या सैन्याचे सहा दिवस आणि गोणी वाहणाऱ्या बैलाचे श्रम पुस्तकावाचून समजू शकेल.

आणि त्याला आणखी एक गोष्ट दिसेल. घाटाच्या नागमोडी वळणांना छेद देऊन झाडीतून थेट वर जाणाऱ्या पायवाटा आहेत. त्या कोरकूंच्या. मुंडा कुळातील, त्या कुळाच्या अगदी पश्चिमेकडची भाषा बोलणारे हे लोक ह्या डोंगराचे जुने रहिवासी. रस्ता कोणाच्या हुकमाने झाला ते आपल्या इतिहासात सापडते. ज्यांनी डोक्यावरून खडी वाहिली त्यांची नावे कोणत्याही मैलाच्या दगडावर नाहीत. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते, आणि पुढे कोहा, कुंड, बोरी, वैराट अशी गावे जंगलाबाहेर हलविली गेली. वाघासाठी जंगल राखणे अगत्याचे होते. पण ज्या वैराटच्या नावावर आपण विराटनगरीची कथा सांगतो, त्या वैराटचे माणूस आता तेथे नाही, हेही कथेच्या शेवटी सांगितले पाहिजे.

घाट म्हटला की तो रुंद करावा, वळणे कापावीत, वेग वाढवावा, अशी मागणी सर्वत्र होत असते. तिला सरसकट नाक मुरडणे आम्हांस मान्य नाही. मेळघाटातील बालमृत्यूंच्या वार्ता गेली तीस वर्षे आपण वाचीत आलो आहोत. अडलेल्या बाळंतिणीस घेऊन रात्री अचलपुराकडे निघालेल्या गाडीस चांगला रस्ता हवाच हवा, आणि तिच्यापुढे आमचे सारे इतिहासप्रेम गौण आहे. परंतु तिच्यासाठी रस्ता करणे निराळे आणि दोन दिवसांच्या सहलीस आलेल्या मोटारीचा अर्धा तास वाचावा म्हणून डोंगर कापणे निराळे. पहिल्यात चढणाऱ्यांतील सर्वांत दुर्बळाचे माप आहे. दुसऱ्यात ज्याला थकवाच येत नाही अशा यंत्राचे माप आहे. आणि त्या मापाने रस्ता झाला म्हणजे त्याच्या कडेने चालणारा कोरकू, सायकल ढकलणारा दूधवाला आणि शाळेत जाणारी मुलगी ह्यांना त्यावर जागा उरत नाही. डोंगरही रुंद रस्ता फुकट देत नाही. कापलेली दरड पावसाळ्यात खाली येते आणि मग आठ दिवस कोणालाच जाता येत नाही.

आपल्या पूर्वजांपुढे बैल होता म्हणून हे माप त्यांना विसरता आले नाही. आता बैल घाटावरून गेला, आणि ते माप लक्षात ठेवणे आपल्यावर आले आहे. आमच्या वाचकांच्या घरी सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली असतील, तर दिवाळीच्या सुट्टीत, पाऊस ओसरून रस्ते कोरडे झाल्यावर आणि जंगल अजून हिरवे असताना, त्यांना चार मित्रमैत्रिणींसह आणि एका वडीलधाऱ्या माणसासह ह्या वाटेवर अवश्य धाडावे. आडगावाहून निघावे, अंजनगाव अथवा अचलपुरास मुक्काम करावा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घाटास लागावे. अंधार पडल्यावर जंगलात राहू नये. चढ झेपला नाही तर खुशाल उतरून चालावे. वर पोहोचल्यावर गाविलगडाच्या उत्तर बाजूस जाऊन ती सपाट जागा पाहावी, आणि मग परत येऊन दक्षिणेच्या कड्यावरून खाली पूर्णेचे खोरे न्याहाळावे. कालपासून आलेली सगळी वाट तेथून एका दृष्टीत येते.